मुलाला लांबचं ६/६ दिसतं, तरी +४.५० चा चष्मा. नंबर चुकला असेल का?

धायरीफाटा:

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण दोन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. त्याच्या नजरेचं आमच्या घरात कायम कौतुक. गच्चीवर गेलो की सिंहगडावरचा टॉवर सगळ्यात आधी तो दाखवणार. स्टॉपवर उभे असलो की लांबून येणाऱ्या बसचा नंबर माझ्या आधी त्याने वाचलेला असतो. शाळेत डोळ्यांची तपासणी झाली, कार्डावर ६/६ लिहून आलं. त्यामुळे डोळ्यांचा विचार कधी मनातच आला नाही.

पण अभ्यासाला बसला की दहा मिनिटांत डोळे चोळायला लागतो. वाचताना ओळीवर बोट ठेवतो, तरी मधली एखादी ओळ सुटतेच. ‘कपाळ दुखतंय’ हे रोजचं. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांत अजून गोंधळ. बाईंनी वहीत शेरा दिला, ‘वाचनात लक्ष नाही’. मीही त्याला पुष्कळ रागावले. एकदा तर धपाटा घातला. आज ते आठवलं की घशाशी येतं.

शेवटी जवळच्या एका चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासून घेतलं. ते म्हणाले, नंबर नाहीच म्हणा, अगदी किरकोळ आहे. डोकेदुखी थांबेना म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा-दहा मिनिटांनी तीनदा थेंब घातले आणि तासभर बसवून ठेवलं. त्या तासात मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. आल्या आल्या त्याने ते घडाघडा वाचलं होतं. थेंबांनंतर म्हणाला, ‘आई, तिथे काहीतरी लाल आहे.’ स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरून बघत राहिला आणि म्हणाला, ‘माझ्या रेषा गेल्या.’

नंबर निघाला उजवा +४.५०, डावा +३.००. भिंग लावूनही उजव्या डोळ्याने ६/१२ च वाचतो, म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते याला सहा मीटरवरून. तो डोळा आळशी झालाय म्हणाले. चष्मा दिवसभर लावायचा, तीन महिन्यांनी बघून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायचं ठरवू, असं सांगितलं.

आता अडचण अशी की चष्मा लावला की तो म्हणतो, लांबचं धूसर दिसतंय. काढला की टॉवर स्पष्ट! सासूबाई म्हणतात, ‘सात वर्षांच्या पोराला चाळिशी कुठे लागते का? नंबर चुकलाय.’ मुलाचे बाबाही त्याच मताचे व्हायला लागलेत. ज्याला लांबचं इतकं छान दिसतं त्याला एवढा मोठा नंबर कसा? चष्म्याने डोळे आणखी बिघडणार तर नाहीत ना? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

भिंगवाली:

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. एकोणीस वर्षं डोळे तपासतेय, आणि तुमचा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणी आई डोळ्यांत पाणी आणून विचारते. म्हणून सावकाश सांगते.

प्लस नंबर म्हणजे ‘लांबचं उत्तम, जवळचं वाईट’ असं सरसकट नसतं. डोळा विश्रांतीत असताना तुमच्या मुलाला लांबचंही नीट दिसत नाही आणि जवळचंही नाही. ते तुम्ही स्वतः पाहिलंत. ‘शांतता राखा’ पुसलं गेलं ते थेंबांनी डोळा बिघडला म्हणून नव्हे. आतला स्नायू थेंबांनी सैल पडला आणि त्याचा डोळा मुळात कसा आहे ते तेवढ्यापुरतं उघडं झालं.

एरवी तो स्नायू सकाळपासून रात्रीपर्यंत आवळलेला असतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगवून तो कमतरता भरून काढतो. लहान मुलांच्या भिंगात ही ताकद भरपूर असते, म्हणून टॉवरही दिसतो आणि बसचा नंबरही. पण पुस्तक समोर आलं की त्याच स्नायूला आणखी कितीतरी जोर लावावा लागतो, तोही तासन्‌तास. कपाळ दुखतं ते याने. आणि ‘भ-म’, ‘ध-घ’ बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबलेच. या अक्षरांत फरक कशाचा असतो? वरची शिरोरेषा जराशी तुटलेली आहे की अखंड आहे, एवढ्याचाच. पुस्तकात ती फट मिलिमीटरभरसुद्धा नसते. स्नायू थकून अक्षर जरासं पसरलं की पहिल्यांदा ती फटच बुजते. पोराचं लक्ष होतं ताई. फट दिसत नव्हती.

आता कॉम्प्युटरने नंबर का दाखवला नाही? त्या मशीनमध्ये डोळा लावला की रस्त्याच्या टोकाला फुगा किंवा घर असं चित्र दिसतं. मूल ते चित्र टक लावून बघतं, तेव्हा स्नायू आवळतो आणि प्लस नंबर लपतो. म्हणून लहान मुलाचा नंबर थेंब घातल्याशिवाय पक्का धरत नाहीत.

आणि शाळेचं ६/६? एकेक डोळा झाकून तपासलं होतं का, ते मुलाला विचारा. बऱ्याचदा रांग मोठी असते, दोन्ही डोळे उघडे ठेवूनच वाचून घेतात. मग डावा डोळा वाचतो आणि उजव्याचं पितळ झाकलेलंच राहतं.

उजवा आळशी का झाला, तेही सांगते. दोन्ही डोळ्यांचे स्नायू एकाच वेळी आणि सारखाच जोर लावतात. डाव्याला तीन लागतात, तेवढे लावले की डाव्याचं चित्र स्पष्ट होतं आणि मेंदू तिथेच थांबतो. उजव्याला साडेचार हवेत. त्याला दीड कायम कमी पडतो. म्हणजे जन्मापासून उजव्या डोळ्याने मेंदूला रेखीव चित्र कधी पाठवलेलंच नाही. मेंदूने त्याचं ऐकणं सोडलं. आळस डोळ्याचा नाहीच खरं तर, पण शब्द रूढ झालाय.

चष्म्याने लांबचं धूसर दिसतंय, कारण भिंग काम करायला लागलं तरी स्नायूची सवय सुटलेली नाही. भिंगही जोर लावतंय आणि डोळाही. तो हळूहळू सैल होतो. काही मुलांना आठवडा लागतो, काहींना चार-सहा आठवडे. तोवर चष्मा काढून ठेवला तर सवय सुटणारच नाही. महिना-दीड महिन्यानंतरही तक्रार तशीच राहिली तर डॉक्टरांना सांगा. नंबर थोडा कमी करून टप्प्याटप्प्याने वाढवायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. आपण दुकानात जाऊन परस्पर बदलायचा नाही.

फ्रेमचंही बघा. प्लसचं भिंग मध्ये जाड असतं, म्हणून फ्रेम लहान, गोलसर आणि हलकी हवी. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, पोरं पडतात. चष्मा नाकावरून घसरला की मुलं वरून बघतात आणि सगळी मेहनत वाया जाते. शिवाय प्लसचं भिंग डोळ्यापासून पुढे सरकलं की त्याचा जोर बदलतो. मागून पट्टा लावा. घसरतच असेल तर दुकानात नेऊन काड्या वाकवून घ्या. पुन्हा पुन्हा न्यायला संकोच करू नका.

विज्ञानमास्तर:

मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ताई, सासूबाईंच्या शंकेचं उत्तर देतो, कारण ती शंका रास्त आहे. प्लसचं भिंग म्हटलं की आपल्याला आजोबांची चाळिशीच आठवते.

दहावीच्या पुस्तकात दोन वेगळे शब्द आहेत. दूरदृष्टिता आणि वृद्धदृष्टिता. चाळिशी म्हणजे वृद्धदृष्टिता. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होतं, फुगत नाही, म्हणून जवळचं अंधुक. ती प्रत्येकाला येते. तुमच्या मुलाला आहे ती दूरदृष्टिता. तिच्यात भिंग उत्तम असतं, नेत्रगोलच मागून-पुढून आखूड असतो किंवा पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक कमी असतो. प्रतिमा दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, न पडता त्याच्या मागे पडू पाहते. दोन्हींना उपाय बहिर्गोल भिंगाचाच, म्हणून लोक शतकानुशतकं गल्लत करत आले. दूरदृष्टितेचा हा लपंडाव नीट उलगडून सांगितला तो डाँडर्स या डच डॉक्टरांनी, १८६४ साली. डोळा नाकाकडे वळण्याशी तिचा संबंध असतो हेही त्यांनीच मांडलं.

किती आखूड असतो? मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब. एक मिलिमीटर कमी पडला की सुमारे तीन डायऑप्टरचा फरक. डायऑप्टर म्हणजे भिंगाचा जोर मोजायचं एकक, चष्म्याचा नंबर त्यातच असतो. तुमच्या मुलाचा उजवा डोळा दीडेक मिलिमीटर आखूड असेल. म्हणजे राईच्या दाण्याएवढा. नवजात बाळाचा डोळा तर सतराएक मिलिमीटरचाच असतो, आणि बहुतेक बाळं थोडी दूरदृष्टीचीच जन्मतात. पुढची सहा-सात वर्षं डोळा वाढतो आणि नंबर उतरत जातो. काहींचा पुरेसा उतरत नाही, एवढंच.

जोराचा हिशेब मांडून बघा. पुस्तक २५ सेंटिमीटरवर धरलं तर निरोगी डोळ्याला ४ डायऑप्टर जोर लागतो. तुमच्या मुलाच्या डाव्या डोळ्याला आधीचे ३ धरून ७. आणि उजव्याला ८.५. सात वर्षांच्या मुलाकडे बारा-तेरा डायऑप्टरची शिल्लक असते, म्हणून निभावतं. पण पाच किलो उचलता येणाऱ्या पोराला साडेतीन किलोची पिशवी दिवसभर हातात धरायला सांगितली तर तो रडेलच की.

घरी एक प्रयोग करा, सासूबाईंनाही बोलवा. दुपारच्या उन्हात गच्चीवर जा आणि मुलाचा चष्मा जमिनीवर एक पांढरा कागद ठेवून त्याच्यावर आडवा धरा. कागदावर उन्हाचे दोन ठिपके पडतील. चष्मा वर-खाली करा. उजव्या काचेचा ठिपका साधारण २२ सेंटिमीटरवर अगदी बारीक होईल, डाव्याचा ३३ वर. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर कधीच नीट होणार नाहीत. त्याच्या दोन डोळ्यांचं भांडण हे असं आहे. मुलाने काचेतून सूर्याकडे बघायचं नाही, आणि ठिपका बारीक झाला की कागद जळू शकतो, तेवढं सांभाळा.

कर्वेरोड:

मध्येच विचारतो. त्राटक, डोळ्यांचे व्यायाम, गाजराचा रस वगैरेंनी हा नंबर जातो का? माझ्या पुतणीला +२ आहे. घरचे रोज करून घेतात.

भिंगवाली:

दादा, नाही. राईएवढा आखूड डोळा रसाने लांब होत नाही. गाजर खाऊ दे, अन्न म्हणून चांगलंच आहे. वाढत्या वयात प्लस नंबर थोडा आपोआप उतरू शकतो आणि श्रेय व्यायामाला जातं. पुतणीला त्रास किती, डोळा वळतो का, दोन्ही डोळ्यांत फरक आहे का, यावर चष्मा लागेल की नाही ते ठरेल. +२ असलेल्या प्रत्येक मुलाला चष्मा देतातच असं नाही. पण ते डॉक्टरांनी बघून सांगू दे.

पर्वतीपायथा:

धायरीफाटा, तुला ‘अगं’च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. माझा उजवा डोळा +६ चा, डावा +१.५० चा. आणि मला ते कळलं एकोणिसाव्या वर्षी.

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला गेले होते. त्या माणसाने माझा डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला आणि म्हणाला, वाचा. मी म्हटलं, ‘अहो, बोर्ड कुठे आहे?’ त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. त्या क्षणापर्यंत मला माहीतच नव्हतं की मी एका डोळ्याने जगतेय. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, वाकडा नव्हता. आईला कळणार कसं, मलाच कळलं नाही.

चष्मा लावला, पण त्या डोळ्याला आजही फक्त ६/३६ दिसतं. लहानपणी, सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाले असते तर मेंदूने त्या डोळ्याचं ऐकायला शिकलं असतं. एकोणिसाव्या वर्षी वेळ निघून गेली होती.

शाळेत शिवणाच्या तासाला सुईत दोरा ओवायला मला वर्गात सगळ्यात जास्त वेळ लागायचा. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर उभं करून म्हटलं होतं, ‘हातात कला नाही.’ आजही चहा ओतताना मी गाळण्याचा काठ कपाला टेकवूनच ओतते. कप किती लांब आहे ते एका डोळ्याने नक्की कळत नाही. जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय आधी चाचपडतो. लोकांना वाटतं, वय झालं. वीस वर्षांची होते तेव्हाही असंच उतरत होते.

तुझ्या मुलाचा आळशी डोळा सातव्या वर्षी सापडलाय, आणि तोही ६/१२ वर. अगं, ही किती मोठी गोष्ट आहे! चष्मा काढू देऊ नकोस. पट्टी सांगितली तर चांगल्या डोळ्यावर लाव, सांगितले तितके तास, रोज. तो रडेल, खेळायला जायचं नाही म्हणेल. त्या वेळात त्याच्या आवडीचं काहीतरी जवळचं काम दे. चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदूळ निवडणं. धपाट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मला चष्म्याशिवाय वाढवणाऱ्या आईचं माझ्यावर कमी प्रेम होतं असं मला कधीच वाटलं नाही.

आणि एक गोष्ट इथे वाचणाऱ्या मोठ्यांसाठी. प्लस नंबरचा डोळा आखूड असतो, म्हणून आतली जागाही अरुंद असते. बावन्नाव्या वर्षी एका रात्री मला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसायला लागली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. मी पित्त समजून झोपले. सकाळी ओसरलं. नशिबाने दुसऱ्याच दिवशी चष्म्याचा नंबर तपासायला जायचं होतं. सहज बोलून गेले, तर डॉक्टरांनी लगेच डोळ्याला भिंग टेकवून आतला कोन तपासला. पाणी वाहून जायचा कोन जवळजवळ बुजत आला होता. दोन्ही डोळ्यांत लेझरने बारीकसं छिद्र पाडलं, पाच-दहा मिनिटांचं काम. नाहीतर या प्रकारच्या काचबिंदूचा झटका आला की दाब इतका वाढतो की काही दिवसांत नजर जाऊ शकते. माझ्याकडे तर जायला एकच डोळा होता.

म्हणून चाळिशीनंतर प्लस नंबर असलेल्यांनी नुसता नंबर काढून घरी येऊ नका. ‘डोळ्याचा कोन बघा’ असं स्पष्ट म्हणा. कोन अरुंद निघाला तर सर्दीच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. काही गोळ्यांनी बाहुली मोठी होते आणि तेवढं निमित्त पुरतं. दिव्याभोवती कडी, लाल डोळा, डोकेदुखी आणि उलटी हे एकत्र आलं तर सकाळची वाट बघू नका.

धायरीफाटा:

मावशी, तुमचं उत्तर मी रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘उद्यापासून त्याचा चष्मा मी सांभाळते.’

मास्तर, गच्चीवरचा प्रयोग केला. दोन ठिपके वेगवेगळ्या उंचीवर बारीक झालेले पाहून मुलाचे बाबा म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची गरज नाही.

मुलाला विचारलं. शाळेत डोळा झाकायला सांगितला होता म्हणे, पण त्याने बोटांच्या फटीतून बघितलं, कारण ‘झाकलं की अक्षरं हलत होती.’ सात वर्षांचं लेकरू, त्याला वाटलं परीक्षा आहे, नापास व्हायला नको.

भिंगवाली ताई, अजून एक. धाकटी तीन वर्षांची आहे. दमली की किंवा चित्राच्या पुस्तकात नाक खुपसून बसली की तिचा एक डोळा किंचित नाकाकडे जातो. सगळे म्हणतात, गोड दिसते, लहान आहे, जाईल.

भिंगवाली:

जाईल म्हणून थांबू नका. स्नायूने जोर लावला की दोन्ही डोळे आपोआप आत वळतात, त्यांची ती जोडी जन्मजात आहे. प्लस नंबर जास्त असला की जोर जास्त आणि डोळा जास्तच वळतो. या प्रकारचा तिरळेपणा बहुतेक दोन ते चार वर्षांच्या दरम्यानच दिसायला लागतो, आणि पुष्कळदा नुसत्या चष्म्याने सरळ होतो, ऑपरेशन लागत नाही. भावाला नंबर आहे म्हणजे तिलाही असण्याची शक्यता जास्त. याच आठवड्यात दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवता येतं.

शाळेत कधी बोलणं झालं तर एक सांगा. तपासणीच्या वेळी एकेक डोळा हाताने नव्हे, पुठ्ठ्याने झाका. आणि ज्या मुलाला ६/६ दिसतं त्याच्या डोळ्यापुढे +२ चं भिंग धरून तीच ओळ पुन्हा वाचायला लावा. निरोगी डोळ्याला ती ओळ धूसर व्हायला हवी. भिंग धरूनही घडाघडा वाचली तर ते मूल पुढे तपासायला पाठवायचं. एका साध्या भिंगाचं काम आहे.

धायरीफाटा:

पाच आठवड्यांनी लिहितेय. लांबचं धूसर दिसण्याची तक्रार साधारण पंचवीस दिवसांनी थांबली. तो बोलायचाच बंद झाला, मी विचारल्यावर म्हणाला, ‘आता टॉवर चष्म्यातूनपण दिसतो.’ कपाळदुखी आठवड्यातून एखादवेळ.

काल अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गोष्टींचं पुस्तक घेऊन बसला होता. ‘घार’ आणि ‘धार’ एकाच ओळीत आले. थांबला, चष्मा वर सरकवला, बारकाईने बघितलं आणि दोन्ही बरोबर वाचले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आई, ध ला वर भोक असतं.’ हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत मुख्याध्यापिकांना भेटले, पुठ्ठा आणि +२ च्या भिंगाचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. त्याच्या बाईंनी वहीतल्या शेऱ्याशेजारी नवीन ओळ लिहिली आहे.

धाकटीची वेळ शनिवारी आहे. थेंबांनंतर ऊन डोळ्यांवर येतं हे आता माहीत आहे, म्हणून टोपी घेऊन जाणार. तिचा दादा म्हणतो, मी तिच्याशेजारी बसणार आणि तिला भिंतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवणार.